माहेरी आलेल्यांची मोजणी

मार्गशीर्ष शु. २, शुक्रवार. शके १८६६. नांदेड.

टोपड्याला गोंडा लावत बसले होते. दारात समोरच्या वकिलांचा वसंता, बरोबर त्याचा दोस्त सलीम. दोघं हायस्कुलात शेवटच्या वर्गात. हातात कागदांचा गठ्ठा. "काकू, फुरसत हाय का?"

त्यांचे नवे मास्तर हैदराबादेहून शिकून आलेत. त्यांनी वर्गाला काम लावलंय. जुम्म्याच्या सुट्टीत मोहल्ल्यातल्या घरोघर जायचं आणि विचारायचं. माणसं किती, पाणी कुठून आणता, दुखलं-खुपलं तर कुठं जाता, तीन वर्षांत जन्म किती, मृत्यू किती. याला पाहणी म्हणतात. मग ते सगळं बलदियाच्या, म्हणजे आपल्या म्युनिसिपालटीच्या, कमिटीपुढे ठेवायचं, की बघा, या मोहल्ल्याला काय कमी आहे. मी म्हटलं, सगळंच कमी आहे, त्याला कागद कशाला? सलीम हसला. "खाला, कागज के बगैर कोणी ऐकत न्हाई."

कागद उर्दूत. सलीम वाचतो, मराठीत सांगतो, लिहून घेतो. पहिला सवाल, घरातला मुख्य कोण. मी म्हटलं, त्यांचं नाव मी कसं घेऊ? वसंता म्हणाला, "काकांचं नगं. काका गेले की. आता मुख्य तुम्हीच."

अकरा वर्षं झाली हे जाऊन. असं कोणी म्हटलं नव्हतं.

सलीमने माझं नाव लिहिलं, उजवीकडून डावीकडे. वाकून बघितलं. ओढ्यात बारीक मासे चालल्यासारखं दिसतं. गंगाबाई म्हणजे हे!

माणसं, एक. जन्म, नाही. मृत्यू, नाही. वसंता म्हणाला, "तुमचं घर लई सोपं हाय, काकू." गेले.

शु. ५, सोमवार.

वसंता तोंड पाडून आला. बहुतेक घरांनी दारच उघडलं नाही. आतून बाईचा आवाज येतो, "घरात कोणी न्हाई." सलीम बाहेरून विचारतो, "मग बोलून कोण राहिलं?" त्यावर एकीने पाण्याचा तांब्या फेकला.

"काकू, तुम्ही चला आमच्यासंगट. बायका तुमच्याशी बोलतेल."

मी म्हटलं, सकाळच्या पारी माझं पांढरं कपाळ कोणाला दारात चालेल? तो म्हणाला, "आपण लग्नाला कुठं चाललो? मोजायला चाललोय."

हो म्हटलं. म्हणून बसले खरी. आता आठवडाभर काय करू, शुक्रवार कधी येईल असं झालंय. सवाल मराठीत उतरून मागितले. वाचते आणि पुन्हा वाचते. हे गेल्यावर दुकानात राहिलेल्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले मी, तेव्हा असंच व्हायचं. अर्धी बातमी फाटलेली, पुढचं काय म्हणून जीव वरखाली.

शु. ९, शुक्रवार.

पाय दुखतायत पण बसवत नाही. आज सोळा घरं!

एका घरी विचारलं, लेकरं किती? "देवानं दिलेत." किती? "मोजू नये माय, दृष्ट लागती." वसंता कपाळाला हात लावून उभा. मला सुचलं. म्हटलं, बाई, आकडा राहू दे, नावं सांग, हाका मारतेस तशी. तिने एका दमात सात नावं सांगितली आणि आठव्याला लुगड्यामागून ओढून पुढं केलं. सलीमची लेखणी पळायला लागली.

पुढच्या घरापासून तेच. आकडा विचारायचा नाही, नावं विचारायची. मालकाचं नाव बाई घेत नाही, शेजारीण भिंतीवरून ओरडून सांगते, वर आपल्या मनाचं काहीतरी जोडते. एकीने सांगितलं, "लिव्हा, लई तापट हाय." सलीमने तेही लिहिलं. वसंता म्हणाला, तापटाला रकाना न्हाई.

बाळंतिणीच्या खोलीत मी सरळ गेले. आम्ही लिंगायत, आम्हाला सोयर-सुतक नाही. पोरं अंगणातच. बाळंतीण म्हणाली, "मावशी, तुम्ही काय विचारून राहिल्या हो? सरकार धान देणार हाय का?" मी म्हटलं, सध्या नुसतं ऐकणार आहे. "मग बसा. सांगायला लई हाय."

शु. १३, मंगळवार.

गंगेवर धुणं घेऊन गेले. तिथं कागद नाही, लेखणी नाही, तरी घाटावर बायका ओढून विचारतात, आमच्या गल्लीत कधी येता? ज्या माझ्याशी दोन वर्षं जपून बोलत होत्या त्या. एक म्हणाली, "आमच्याकडं आधी या, त्यांच्याकडं काय हाय, दोनच तर माणसं." जशी काही पंगत आहे.

मार्ग. व. १, शुक्रवार.

मास्तर घरी आले. तरुण आहेत. चष्मा. ओसरीच्या कडेला टेकले, चहा नको म्हणाले, मग घेतला.

त्यांचं म्हणणं, कमिटीकडे दहा गोष्टी मागितल्या तर एकही मिळत नाही. एकच मागायची आणि ती का हवी ते दाखवायचं. पोरं म्हणाली, नळ. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही घरात आतपर्यंत गेलात. तुम्हाला काय वाटतं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, नर्सबाई. बाळंतपणाला. शिकलेली, घरी येणारी.

मास्तर म्हणाले, कमिटी म्हणेल सुइणी आहेत, सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहेत. त्यांना दाखवावं लागेल की बायका बाळंतपणात दगावतात. कागदात निघालं तर नर्सबाई मागू. नाही निघालं तर नळ.

निघेल, मी म्हटलं. मला माहीत नाही का या मोहल्ल्यातलं?

व. ८, शुक्रवार.

आज काय झालं ते सगळं लिहिते.

सगळे कागद माझ्या ओसरीवर मांडले, वर खडे ठेवले. मास्तर एकेक रकाना बघत गेले. बाळंतपणात मृत्यू: एकही नाही. अख्ख्या मोहल्ल्यात, तीन वर्षांत! शिवाय आमच्या गल्लीत या वर्षी जन्मही जवळजवळ नाहीत. मास्तर म्हणाले, "मग नळच मागू, बाई. कागदात नाही ते मी कसं मांडू?"

मी म्हटलं, जन्म नाहीत कसे? मी टोपडी कुणासाठी शिवते मग?

आत गेले आणि चिंध्यांचा डबा आणला. प्रत्येक टोपड्यातला उरलेला तुकडा ठेवते मी, वाकळीसाठी. ओसरीवर ओतला. हा हिरवा खण, लिंगाप्पा वाण्याच्या घरी, श्रावणात. ही लाल चीट, तेलणीच्या घरी. हे पिवळं, वसंताच्या चुलत बहिणीचं. वसंता म्हणाला, "पण लिंगाप्पाच्या घरी मीच विचारलं. न्हाई म्हणाले." मी म्हटलं, चल.

सगळेच निघालो. लिंगाप्पाची बायको शेंगा निवडत होती.

"काय गं, यंदा घरात जन्म झाला का?"

"न्हाई."

"मग हिरवं टोपडं कुणाला शिवून नेलंस?"

"ते व्हय! ते नातवाला. लेक आल्ती की बाळंतपणाला."

"मग जन्म झाला की घरात."

"आसं कसं? ते देगलूरचं हाय माय. त्यांचं लेकरू. आमचं कुठं?"

मास्तर दाराबाहेरूनच ऐकत होते. एकदम हसायला लागले. मग म्हणाले, "आणि देगलूरला विचारलं तर म्हणतील, आमच्याकडे कुठं झाला, तो माहेरी झाला." सलीम म्हणाला, "यानी इधर भी खाली, उधर भी खाली."

पहिलं बाळंतपण माहेरी. सगळ्यांचंच. म्हणजे जन्म कोणीच सांगितले नाहीत. आणि जन्म नाही तर

व. ९, शनिवार.

काल वाक्य अर्धं राहिलं. मुद्दाम सोडलं.

सलीमला बोलावून माझा पहिला कागद वाचायला लावला. मृत्यू, नाही. हे मीच सांगितलं होतं. खोटं बोलायचं मनात नव्हतं. त्याने विचारलं, घरात कोणी गेलं का, आणि मला खरंच वाटलं नाही की नीला या घरातली. ती लातूरला दिलेली. त्यांची. माझ्याकडे पाहुणी म्हणून बाळंतपणाला आली. भाद्रपदात दोन वर्षं झाली. कळांच्या तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातावर गेली, आधी लेकरू, मग ती. आणि मी सांगितलं, नाही.

मला म्हणतात हे घर सोपं आहे.

दुसरा कागद करायला सांगितला. सलीमने नाव विचारलं, लिहिलं. मग नववा रकाना: डॉक्टरला बोलावलं होतं का? नसल्यास कारण. मी म्हटलं, तो राहू दे.

इथं लिहिते. कुठं सांगितलेलं नाही. वसंताचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यातून सरकारी डॉक्टरला घेऊन आले होते, मला न विचारता. डॉक्टर या ओसरीपर्यंत आले. बॅग खाली ठेवली. मी दारात आडवी उभी राहिले. परका पुरुष, म्हटलं, नको. सुईण म्हणत होती होईल सगळं. त्यांनी दोनदा विचारलं. मग बॅग उचलली.

आतून नीलाने विचारलं, "कोण आलतं, अव्वा?" मी म्हटलं, कोणी नाही.

व. १२, मंगळवार.

सवाल बदलला. "घरात कोणी गेलं का" असं आता विचारत नाही. विचारते, "बाळंतपणाला आलेली लेक परत सासरी गेली का?"

पहिल्याच घरी बाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

शुक्रवारची वाट बघितली नाही. एकटी फिरले, कागद घेऊन, मराठीत लिहिलं. तीन नावं. एकीने लेकीचं नाव सांगितलं आणि दार लावून घेतलं. मी पुढं गेले तर मागून आली पळत, "माय, माझी शांता वरल्या अंगाला लिव्हा. थोरली होती ती."

सांगू कसं, हे असं दुःखाचं काम आणि मला सकाळी उठायची घाई होते. लाज वाटते. पण होते. कोणीतरी विचारतंय, आणि बाई सांगतेय, आणि मी ते लिहून घेतेय. स्वयंपाक भाजी-भाकरीवर आणला आहे.

पौष शु. ७, शुक्रवार.

सात नावं. नीला धरून. माझ्या हाताने लिहिलेली यादी. सलीमने खाली उर्दूत उतरवलं.

मास्तरांनी यादी दोनदा वाचली. मग म्हणाले, कमिटी म्हणेल बायकांनी भरीला घातलं. सासरहूनही होकार हवा, की आमची सून बाळंतपणाला गेली आणि त्यात वारली. वसंता आणि सलीम पत्रं घालतील. कंधार, देगलूर, अर्धापूर.

"लातूरला?" सलीमने विचारलं.

लातूरला मी जाते, म्हटलं. नीला गेल्यापासून तोंड दाखवलेलं नाही मी तिथं.

वसंता: "आणि नववा रकाना, काकू? प्रत्येकीचा भरलाय, तुमचाच कोरा."

याच्या वडिलांनी याला काही सांगितलं नाही वाटतं. भला माणूस.

शु. १०, सोमवार. मोटारीत, लोह्याच्या अड्ड्यावर.

पेन्सिलीने लिहिते. मोटार थांबलीय, पाणी घालतायत तिच्यात. शेजारच्या बाईने विचारलं, कशाला चालला? पाहणीला, म्हटलं. "मुलगी पाहणीला?" नाही, बाई, नुसतीच पाहणी. ती म्हणाली, "आमच्याकडं मुलगी पाहिल्याशिवाय कोणी जातच न्हाई." तिचंही सांगितलं तिने सगळं. उतरेपर्यंत माझा कागद भरेल.

शु. ११, मंगळवार. लातूर.

आडतीवर शेंगांच्या गाड्या, वाट काढत गेले. विहीणबाई दारातच. मला वाटलं, आत घेतील की नाही. "शरणार्थ. या. उन्हाचं आलात." ताक दिलं.

जावयाने दुसरं लग्न केलंय, मला माहीत होतं. ती समोर आली, वाकली. नाव काशी. सतरा-अठराची. पाचवा महिना दिसतोय. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक. आधीच्या बायकोचा टाक दुसरीने घालायचा, ही रीत आमच्यात आहेच. त्यावर कोरलेली बाई. नखाएवढी. माझी नीला. दारातून येताना वाकायची ती, इतकी उंच होती.

काशी म्हणाली, "अव्वा, मी रोज जेवायच्या आधी त्यांला दाखवते." मला अव्वाच म्हणाली. रीतीने मीच तिची आई. तिची खरी आई लहानपणीच गेली.

विहीणबाईंना कागदाचं सांगितलं. त्यांना वाटलं मी भांडायला आले. मग ऐकलं. मी विचारलं, तुमच्याकडे कोणी मोजायला आलं तर तुम्ही नीलाचं सांगाल का? त्या म्हणाल्या, "न्हाई. आमच्या दारातून ती जिती गेलती, चालत, हसत. आमच्या घरात कुठं मेली ती?"

आणि माझ्या घरात ती पाहुणी होती, मी म्हटलं.

मग त्यांनीच काढलं. "काशीला माहेर न्हाई. रीतीनं तुमची लेक हाय. चैत्रात दिवस भरतेल. तुम्ही न्याल का?"

हो म्हणायला तोंड उघडलं. आणि ओसरीवरची ती बॅग डोळ्यांपुढं. हे न सांगता मी यांची पोर कशी नेऊ? सांगून टाकलं. डॉक्टर आले होते. मीच परत लावले.

विहीणबाई उठून आत गेल्या.

शु. १२, बुधवार. लातूर.

सकाळी भाकरी वाढली. मोटारीची वेळ झाली. पिशवी उचलली तेव्हा म्हणाल्या, "आणा तो कागद." अंगठा उठवला. मग म्हणाल्या, "मीबी नगंच म्हणले असते. परक्या बाप्याला. म्हणून तर रातभर ह्या पोरीकडं बघून मला भ्या वाटून राहिलं."

मी काशीचं विचारलं. "तुमची नर्सबाई येऊ द्या. मग धाडते. न्हाई तर न्हाई."

काशी दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "लवकर आणा हो अव्वा तिला."

शु. १३, गुरुवार. नांदेड.

नववा रकाना भरला. सलीमला बोलावलं नाही. मराठीतच लिहिला. डॉक्टर आले होते. बाप्या म्हणून आईने परत पाठवले. बाई असती तर पाठवले नसते.

शेवटचं वाक्य खरं आहे का, यावर बराच वेळ बसले. आहे. ठेवलं.

पौष व. ७, शुक्रवार.

सासरची पत्रं आली. दोन सोडून सगळे हो म्हणाले. कंधारहून एका सासऱ्याने लिहिलं, सून आमची होती, नाव आमच्या गावात लिहा. वसंता चिडला. मास्तर खूश. म्हणाले, "कालपर्यंत कोणाचीच नव्हती, आता दोघांना हवी आहे."

लिंगाप्पा वाणी मात्र दारात येऊन बोलून गेला. पोरींची नावं चव्हाट्यावर मांडता, जावई काय म्हणतेल? त्याची बायको मागून त्याला म्हणत होती, "चला तुम्ही, दुकानात गिऱ्हाईक हाय." नव्हतं कोणी. मी बघितलं.

माघ शु. ७, रविवार.

आज कमिटी!

बायकांसाठी बांबूच्या चिकाचा पडदा लावला होता. मी आणि घाटावरच्या चौघी. एक दुसरीला म्हणत होती, "ह्या बाजूनं त्यांची नुसती पगडी दिसती." मास्तरांनी उर्दूत वाचलं. मला अर्धं कळलं. पण सात नावं वाचली ती सातही कळली. थोरली शांता वरच्या अंगालाच होती. तिची आई माझ्याशेजारी, माझा दंड धरून. निशाण उमटलंय अजून.

मग सवाल. एक म्हातारे मेंबर म्हणाले, नर्स ठेवू, पण कोणत्या जातीची येईल, कुठली येईल, या बायका तिला घरात घेतील का? मास्तर उत्तर जुळवायला लागले. मला राहवलं नाही. चिकामागून म्हटलं, "साहेब, सुईण कोणत्या जातीची येती ते तुम्ही तरी कधी विचारलं का? तिच्याच हातावर जन्मलात."

कोणीतरी खोकलं. मग सगळे हसले, म्हातारेही. सदरसाहेब, म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, म्हणाले, कोण बोललं? वसंताने उभा राहून माझं नाव सांगितलं, वडिलांनी शिकवलंय तसं, ठासून. सदरसाहेबांनी विचारलं, तुमच्या घरी डॉक्टर आला असता ना? कागद त्यांच्यापुढेच होता. मी म्हटलं, आला होता. तिथंच लिहिलं आहे. त्यांनी वाचलं.

निकाल: विचारार्थ. कागद हैदराबादेला जाईल.

रस्त्याने येताना आम्ही पाची जणी मोठमोठ्याने बोलत होतो.

माघ व. ५, शुक्रवार.

हैदराबादेचं काही नाही. वसंता रोज बलदियात चक्कर मारतो. कारकून त्याला बघून लांबूनच हात हलवतो.

परीक्षा आल्या दोघांच्या. आता पाहणी बंद, मास्तर म्हणाले. सलीमने मला अलिफ, बे लिहून दिली आहेत. "खाला, पुढच्या वेळी तुम्हीच वाचा." बे खाली एक टिंब. गिरवते.

लातूरला पत्र टाकलं. खरं ते लिहिलं. अजून नाही. कधी येईल सांगता येत नाही.

व. ११, गुरुवार.

सरकारी दवाखान्यात गेले. रांगेत बसले. डॉक्टर तेच. थोडे पिकलेत. मला ओळखलं, मी ओळखलं. मी म्हटलं, चैत्रात बोलावलं तर याल का? ते म्हणाले, "बोलावलं तर येतोच, बाई. आत घेणं तुमच्याकडे आहे."

बरं केलं असं बोलले.

फाल्गुन शु. १, मंगळवार.

दुपारी टांगा थांबला. वाटलं, कोणाचं गिऱ्हाईक असेल. उतरली ती काशी! पोट सांभाळत, बरोबर तिचा दीर, ट्रंक, लातूरच्या शेंगांची पिशवी. मी उंबऱ्यातच उभी. भाकरतुकडा ओवाळायचंही सुचेना. वसंताची आई धावत आली आणि तिने ओवाळलं.

मी दिराला म्हटलं, अरे, नर्सबाई अजून आलेली नाही. विहीणबाईंना पत्र पोचलं नाही का? तो म्हणाला, "पोचलं. वाचून दाखवलं मी. आई म्हणली, बाई येवो न येवो. विहीण ह्या खेपेला कुणाला दारातनं परत लावणार न्हाई."

त्याला चहा केला. किती साखर घातली देव जाणे, काही बोलला नाही बिचारा.

संध्याकाळी काशी ओसरीवर बसली, पाय लांब करून. मोहल्ल्यातल्या बायका बघून गेल्या. लिंगाप्पाची बायको आली, टाक हातात घेऊन बघितला, डोळ्याला लावला.

त्या गेल्यावर मी तिला स्पष्ट सांगितलं. नर्सबाई आली तर उत्तम. न आली आणि अडलं, तर मी डॉक्टरला बोलावणार. बाप्या आहे.

"मला लाज वाटंल, अव्वा."

"वाटू दे," म्हटलं.

ती शेंग फोडत राहिली. टरफलं पदरात गोळा केली. मग विचारलं, "तेव्हा तुम्ही आतच राहताल ना? दारात न्हाई?"

आतच, म्हटलं. उशाशी.